एम्बसीचं अर्धं काम सोलापुरात: परदेशी निघालेल्यांसाठी आणि घरी राहणाऱ्यांसाठी

सोलापुरात एम्बसी म्हटलं की व्हिसाच आठवतो. मुलाखत, बोटांचे ठसे, पुण्या-मुंबईच्या चकरा. आपल्या देशाचीही तिकडे एक वकिलात असते आणि अडचणीत तीच आपली, हे बऱ्याच जणांना अडल्यावरच कळतं. मी आखातात नोकरी करून परत आलेला माणूस. स्वतःची, नातेवाइकांची, खोलीतल्या पोरांची कामं घेऊन तिथल्या काउंटरवर भरपूर उभा राहिलोय. आता इथे लोक विचारायला येतात. माझा अनुभव असा, की घोडं अडतं ते बहुतेक वेळा इथल्याच एखाद्या कागदापाशी. कागद कपाटात असतो पण सापडत नाही, नाहीतर त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. म्हणून हा लेख जाणाऱ्यांनी वाचावाच, पण घरात मागे राहणाऱ्या एकाने तरी नक्की वाचावा.

१. आपली वकिलात कुठली, ते आधी शोधा

तुम्हाला व्हिसा देते ती त्या देशाची वकिलात, दिल्लीतली किंवा मुंबईतली. तिकडे पोचलात की तुमचं काम भारताच्या वकिलातीत. राजधानीत असतो तो दूतावास. मोठ्या शहरांत असतो महावाणिज्य दूतावास, त्याला सगळे कॉन्सुलेटच म्हणतात. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर अशा राष्ट्रकुलातल्या देशांत दूतावासाच्या जागी उच्चायुक्तालय लिहिलेलं दिसेल. काम तेच.

पोलीस ठाण्यांसारखी इथेही हद्द असते. संयुक्त अरब अमिरातीत अबुधाबी आणि अल ऐनवाल्यांनी अबुधाबीच्या दूतावासात जायचं. दुबई, शारजा, अजमान, रास अल खैमा, फुजैरा वगैरेंचं काम दुबईच्या कॉन्सुलेटमध्ये. सौदीत दूतावास रियाधला आहे, पण उमऱ्याला गेलेल्या आई-वडिलांना मक्का-मदिनेत काही झालं तर जेद्दाचं कॉन्सुलेट गाठायचं. जर्मनीत म्युनिकला शिकणाऱ्या मुलीला बर्लिन गाठायची गरज नाही, म्युनिकलाच कॉन्सुलेट आहे.

आणखी एक. पासपोर्टचे नेहमीचे अर्ज मोठ्या देशांत वकिलात स्वतः घेत नाही. ठेका दिलेल्या कंपनीच्या केंद्रावर ते द्यावे लागतात. हा ठेका बदलत असतो. दोन वर्षांपूर्वी मित्र जिथे गेला होता तिथे तुम्हीही सुट्टी काढून जाऊ नका. आदल्या दिवशी वकिलातीच्या साइटवर पत्ता बघा.

२. निघण्याआधी, सोलापुरात

एक फाइल करा आणि तिच्या दोन प्रती काढा. एक बरोबर न्या, एक घरी ठेवा. ती कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी माहीत हवं.

- पासपोर्टचं पहिलं आणि शेवटचं पान, व्हिसाची प्रत
- नोकरीचा करार किंवा कॉलेजचं प्रवेशपत्र
- कंपनीचा पूर्ण पत्ता आणि तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर
- जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार
- लग्न झालं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला (लग्नपत्रिका आणि फोटो चालत नाहीत)
- विम्याची पॉलिसी
- पांढऱ्या पार्श्वभूमीचे सहा-आठ फोटो

‘मोबाइलमध्ये आहे की सगळं’ असं प्रत्येक पोरगं म्हणतं. बॅग चोरीला जाते तेव्हा मोबाइलही त्याच बॅगेत असतो.

नावाचं बघा. आपल्या गावात तेलुगू, कन्नड, उर्दू नावं मराठी कागदांवर लिहिताना ऐकू येईल तशी लिहिली जातात. वडील सातबाऱ्यावर ‘व्यंकटेश’, मुलाच्या पासपोर्टवर ‘वेंकटेश’, रेशन कार्डावर तिसरंच काहीतरी. इथे चालून जातं. तिकडचा अधिकारी अक्षर न् अक्षर ताडून बघतो. सोलापूरचं पासपोर्टचं काम पुण्याच्या प्रादेशिक पारपत्र कार्यालयाच्या अखत्यारीत येतं. दुरुस्ती करायची तर निघण्याआधी करून घ्या, परदेशातून ती फार जिकिरीची होते.

आता नोकरीसाठी जाणाऱ्यांचं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआर (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) शिक्का असतो. असा पासपोर्ट घेऊन आखाती देश, मलेशिया, जॉर्डन, इराक अशा ठरावीक १८ देशांत कामाला जायचं तर सरकारची आधी मंजुरी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवरून मिळते. त्याच प्रक्रियेत प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा निघतो. दोन-तीन वर्षांचा हप्ता काही शे रुपये आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर संरक्षण १० लाखांचं. एजंट काय करतो? ‘कशाला ती भानगड, व्हिजिट व्हिसावर पाठवतो, तिकडे गेल्यावर बदलून देतो’ म्हणतो. असे गेलात तर करार सरकारी नोंदीत नाही, विमा नाही आणि वाद झाला की वकिलातीच्या हातात धरायला कागद नाही. नोंदणीकृत एजंटांची यादी त्याच पोर्टलवर आहे. एजंटाला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. पावती मागा. पावती देत नाही म्हटला की पुढचं समजून घ्या.

शेवटची गोष्ट सामानाची. शेंगाचटणी, कडक भाकरी खुशाल न्या. पण घरचा मसाला भरताना आईला विचारा, यात खसखस आहे का? खसखस अमिराती आणि सौदीत अमली पदार्थांत धरली जाते. आपल्याकडे ती किराणा दुकानात पुडीत मिळते, तिकडे विमानतळावरूनच माणूस तुरुंगात जाऊ शकतो. औषधांचंही तेच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या गोळ्या यांना तिथे निर्बंध आहेत. डॉक्टरांची चिठ्ठी हवी आणि काही औषधांना तिथल्या आरोग्य खात्याची आगाऊ परवानगी हवी. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मुलासाठी दिलेली पुडी उघडून बघितल्याशिवाय बॅगेत टाकू नका. त्या रागावल्या तरी चालेल.

३. पोचल्यावर नोंदणी

वकिलातीच्या साइटवर नाव, पत्ता, घरचा नंबर नोंदवा. काम दहा मिनिटांचं. २०१५ मध्ये येमेन, २०२२ मध्ये युक्रेन, २०२३ मध्ये सुदान इथून सरकारने लोक बाहेर काढले तेव्हा बस कुठून सुटणार, सीमा कुठे ओलांडायची, हे सगळं वकिलातीकडूनच कळत होतं. ज्याचा नंबर त्यांच्याकडे नाही त्याला कळवणार कसं? खोली किंवा फोन बदलला की नोंदही बदला.

४. पासपोर्ट हरवला तर

क्रम चुकवू नका.

आधी पोलीस. हरवल्याची तक्रार जिथे हरवला तिथल्या पोलिसांकडे द्या आणि लेखी प्रत घ्या. काही देशांत ती त्यांच्या भाषेत मिळते, मग भाषांतर करून घ्यावं लागतं.

मग वकिलात. इथे दोन रस्ते. लगेच भारतात यायचं असेल तर इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. ते एकदाच, भारतात येण्यापुरतंच चालतं. त्यावर वाटेत दुसऱ्या देशात उतरून फिरता येत नाही, परत कामावरही जाता येत नाही. तिकडेच राहायचं असेल तर नवा पासपोर्ट मागा.

लागणारे कागद साधारण असे:

- पोलीस तक्रारीची मूळ प्रत
- जुन्या पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स (तीच ती फाइल)
- तिथल्या रहिवासाचं ओळखपत्र
- कसा हरवला याचं सहीचं निवेदन
- फोटो, फी, आणि इमर्जन्सी सर्टिफिकेट हवं असेल तर तिकिटाचं बुकिंग

आमच्या खोलीतल्या अक्कलकोट रोडच्या एका पोराचा पासपोर्ट शारजात टॅक्सीत राहिला. त्याच्याकडे झेरॉक्स नव्हती. घरी फोन केला, तर बहिणीने ट्रंकेतून जुनी फाइल काढली, नवी पेठेतल्या दुकानातून स्कॅन करून पाठवली आणि संध्याकाळपर्यंत नंबर, तारीख, जारी केल्याचं ठिकाण असं सगळं हातात आलं. त्यामुळे अर्ज सुरळीत गेला. पुढे मात्र पोलीस पडताळणी सोलापुरात झाली आणि पासपोर्टवरच्या पत्त्यावर घरचे राहत नव्हते. सगळे जुळे सोलापूरला गेले होते. जुन्या वाड्यातल्या शेजाऱ्यांनी सांगितलं म्हणून निभावलं. पत्ता बदलला असेल तर घरच्यांनी नव्या पत्त्याचे पुरावे तयार ठेवावेत, आणि पोलीस ठाण्यातून फोन आला तर घाबरून ‘तो इथे राहत नाही’ एवढंच सांगून ठेवू नये. काय झालंय ते नीट सांगावं.

दोन सापळे. इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. तुमचा व्हिसा जुन्या पासपोर्टवर होता, त्यामुळे बाहेर पडायला त्या देशाच्या इमिग्रेशनकडूनही नोंद करून घ्यावी लागू शकते. विमानाच्या दिवशी हे कळलं तर तिकीट पाण्यात. दुसरं, तक्रार दिल्यावर जुना पासपोर्ट सापडला तर तो वापरू नका. तो रद्द झालेला असतो. वकिलातीत जमा करा.

५. पगार अडला, पासपोर्ट मालकाने ठेवला

तक्रारीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचं मदद पोर्टल आहे, २०१५ पासून चालू. यात घरच्यांना कळायची गोष्ट म्हणजे तक्रार सोलापुरात बसूनही करता येते. पासपोर्ट नंबर, कंपनीचं नाव-पत्ता, करार आणि काय झालं ते तारीखवार लिहा. तक्रारीचा क्रमांक मिळतो, त्यावर पुढे काय झालं ते दिसतं. ‘माझ्या मुलाला वाचवा’ एवढंच लिहिलेली तक्रार पुढे सरकत नाही. ‘अमुक महिन्यापासून पगार नाही, पासपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे, मुलगा अमुक कॅम्पात राहतो’ असं लिहिलं की तिकडचा अधिकारी थेट कंपनीला फोन लावू शकतो.

दुबई, रियाध, जेद्दा आणि क्वालालंपूर इथे प्रवासी भारतीय सहायता केंद्रं आहेत. कायदेशीर सल्ला मिळतो. अनेक वकिलाती ठरावीक दिवशी ओपन हाउस घेतात, तिथे अधिकाऱ्याला समोरासमोर भेटता येतं. खिशात काहीच उरलं नसेल तर भारतीय समुदाय कल्याण निधीतून तात्पुरती राहण्याची सोय, परतीचं तिकीट, तातडीचा औषधोपचार होऊ शकतो. हा निधी २००९ मध्ये सुरू झाला, पण तो खरोखर गरजूंसाठी आहे आणि परिस्थिती बघूनच देतात.

काहीही झालं तरी काम सोडून पळून जाऊ नका. मालकाने ‘फरार’ म्हणून नोंद केली की फिर्यादी तुम्ही असूनही आरोपी तुम्हीच होता, आणि ती नोंद काढायला वकिलातीलाही घाम फुटतो. आधी तक्रार करा, मग काय करायचं ते त्यांना विचारा.

६. अटक झाली तर

‘माझ्या वकिलातीला कळवा’ हे वाक्य पाठ ठेवा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने तो तुमचा हक्क आहे. अधिकारी भेटायला येतात, वकिलांची यादी देतात, घरी कळवतात. सोडवून आणत नाहीत. तिथल्या कोर्टात ढवळाढवळ करायचा अधिकार त्यांना नाही. घरच्यांनी नगरसेवकापासून खासदारापर्यंत धावाधाव केली तरी त्या देशाचा कायदा चुकत नाही. ती ताकद चांगला वकील शोधण्यात घाला.

७. तिकडे मृत्यू झाला तर

लिहायला नको वाटतं, पण याच कामात घरच्यांची सर्वांत जास्त परवड होते.

तिकडे लागतं: हॉस्पिटलचा किंवा सरकारी मृत्यूदाखला, अपघात असेल तर पोलीस अहवाल आणि त्याचं इंग्रजी भाषांतर, मूळ पासपोर्ट (तो रद्द करून परत देतात), मृतदेह टिकावा म्हणून प्रक्रिया (एम्बामिंग) केल्याचं प्रमाणपत्र, आणि वकिलातीचं ना-हरकत पत्र. हे सगळं कंपनीचा माणूस किंवा ओळखीचा कुणी करतो.

इथून लागतं: जवळच्या वारसाचं संमतीपत्र. पार्थिव गावी आणायचं की तिकडेच अंत्यविधी करायचा आणि तिकडे कागदपत्रं कोण करणार, हे त्यात स्पष्ट हवं. सही पत्नीची की वडिलांची यावर घरात वाद घालत दिवस घालवू नका. पत्नी असेल तर बहुधा पहिली सही तिचीच मागतात. सगळ्यांचे आधार आणि नातं दाखवणारा कागद तयार ठेवा.

नैसर्गिक मृत्यू असेल तर काम लवकर होतं. अपघात, आत्महत्या किंवा संशय असेल तर पोलीस तपास संपेपर्यंत थांबावं लागतं, त्याला वकिलातीचाही इलाज नाही. खर्च करारानुसार कंपनीने करायचा असतो. विमा असेल तर तो आहेच. कुणीच नसेल तर तो कल्याण निधी.

पार्थिव कुठल्या विमानतळावर आणायचं हे विचारतात तेव्हा सगळे मुंबई सांगतात. आपल्याला हैदराबाद जवळ पडतं, तीनशे किलोमीटरच्या आसपास आणि सरळ रस्ता. उड्डाण मिळत असेल तर तेच सांगा. भारतात आणण्याची आरोग्य खात्याची परवानगी आता ई-केअर पोर्टलवरून मिळते.

नंतरचं: सोलापूर महापालिका परदेशातल्या मृत्यूचा दाखला देणार नाही, कारण मृत्यू तिच्या हद्दीत झालेला नाही. वकिलातीने केलेली मृत्यूनोंदच कायद्याने इथे धरली जाते. तीच बँक, विमा, वारस नोंद सगळीकडे लागते. म्हणून नोंदीच्या जास्तीच्या साक्षांकित प्रती तेव्हाच मागून घ्या. राहिलेला पगार आणि भरपाई वसूल करण्यासाठी घरच्यांनी वकिलातीच्या नावे मुखत्यारपत्र दिलं तर ती तिकडे पाठपुरावा करते.

८. मूल तिकडे जन्मलं तर

एक वर्षाच्या आत वकिलातीत जन्मनोंद करा. नागरिकत्व कायद्याप्रमाणे ३ डिसेंबर २००४ पासून परदेशात जन्मलेल्या मुलाला भारतीय नागरिकत्व हवं असेल तर ही नोंद लागते, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-वडिलांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची परवानगी आली. इथेच तो विवाह नोंदणीचा दाखला मागतात. लग्न गावी झालं, नोंदणी ‘करू नंतर’ म्हणून राहिली, अशी जोडपी काउंटरवर हमखास भेटतात.

९. घर-जमिनीसाठी मुखत्यारपत्र

सोलापुरातला प्लॉट विकायचा, भावाला अधिकार द्यायचा आणि यायला सुट्टी नाही. मेहुण्याचं हे काम मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं, त्यावरून सांगतो.

मसुदा इथल्याच वकिलाकडून करून घ्या. इंटरनेटवरचा उचललेला मसुदा इथे दुय्यम निबंधकापुढे टिकत नाही. मिळकतीचं वर्णन सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरून जसंच्या तसं घ्या, चतुःसीमेसकट. एकाच कामापुरता अधिकार द्यायचा असेल तर तेवढाच लिहा. भाऊ कितीही सख्खा असला तरी सरसकट अधिकार कशाला?

मसुदा मेलने मागवा, तिकडे छापा, पण सही घरी करू नका. ती अधिकाऱ्यासमोर करायची असते. साक्षीदार लागतात का, किती, त्यांची कुठली ओळखपत्रं हवीत, हे आधी साइटवर बघा. प्रत्येक वकिलातीची रीत थोडी वेगळी आहे.

मग ते कुरिअरने सोलापूरला. इथे खरी मेख आहे. परदेशात सही झालेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. ते इथल्या मुद्रांक जिल्हाधिकारी कार्यालयात होतं. ‘आल्यापासून’ याचा पुरावा म्हणजे कुरिअरचं पाकीट. त्यावरची तारीख. आमच्याकडे ते पाकीट कचऱ्यात जाता जाता वाचलं. पाकीट फाडू नका, बाजूने कापा आणि कागदाला जोडूनच ठेवा.

१०. बाकीची कामं

पासपोर्टचं नूतनीकरण तिकडेच होतं, मुदत संपायच्या सहा महिने आधीच अर्ज करा. तिकडच्या नोकरीसाठी भारतातला पोलीस दाखला वकिलातीतून मागवता येतो, पडताळणी पुन्हा सोलापुरातच. मुलाकडे गेलेल्या पेन्शनर आई-वडिलांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला तिथूनच मिळतो. परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय पासपोर्ट जमा करायचा आणि हवं तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) घ्यायचं. दोन्ही नागरिकत्वं ठेवता येत नाहीत. त्यानंतर संकटात मदत नव्या देशाची मागायची, आपल्या वकिलातीची नाही.

हॉटेलचं बिल, उधार पैसे, नोकरी, दुसऱ्या देशाचा व्हिसा हे तिथे मागू नका.

जाण्याआधी सुट्ट्या बघा. वकिलात तिथल्या आणि आपल्या, दोन्हीकडच्या काही सुट्ट्या पाळते. सौदीत शुक्रवार-शनिवार बंद. पासपोर्ट मूळ आणि सगळ्याच्या झेरॉक्स घ्या. फी रोख की कार्डाने, तेही आधी बघा. पावतीवर कल्याण निधीची छोटी रक्कम वेगळी दिसेल, ती लाच नव्हे, सगळ्यांकडूनच घेतात.

११. ‘एम्बसीतून बोलतोय’ असा फोन आला तर

हा फोन तिकडे मुलांना येतो आणि इथे आई-वडिलांनाही. कागदात चूक आहे, केस झाली आहे, आत्ता पैसे भरा नाहीतर परत पाठवू. नंबरही कधी कधी वकिलातीचाच दिसतो, तसा दाखवण्याची युक्ती त्यांच्याकडे असते. वकिलात फोनवर पैसे मागत नाही, ओटीपी किंवा कार्डाचा नंबरही विचारत नाही. फोन ठेवा, साइटवरचा नंबर बघून स्वतः लावा, आणि ‘कुणाला सांगू नका’ असं समोरच्याने बजावलं असेल तर आधी मुलाला फोन करून विचारा.